आबांच्या वेबसाइटची भवानी

वेबसाइटवर कोण आलं, कुठून आलं, किती वेळ रेंगाळलं, हे मोजून सांगायचं माझं दुकान. जळगावच्या पिंप्राळ्यात, घरातल्याच एका खोलीत. माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एरंडोलचे आबा. ते मांडे भाजायची मातीची खापरं विकतात आणि त्यांची वेबसाइटही मीच केलेली. दर महिन्याला रंगीत आलेखांचा अहवाल घेऊन मी स्कूटरवरून त्यांच्याकडे जायचो, तो वाचून दाखवायचो आणि त्यांच्या सूनबाईंच्या हातचा चहा प्यायचो. आलेख कायम चढता. माझी कॉलर त्याहून ताठ.

यंदा अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी गेलो, तर सूनबाई फोन घेऊनच बसलेल्या.

"दादा, हे मोजणारं फुकटचं पण मिळतं. मी महिन्यापूर्वीच लावलं."

फुकटच्यात नीट काही कळत नाही, असं मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो. खरं तर सगळं कळतं. मला ते केव्हाचं ठाऊक होतं. आबांना नव्हतं, एवढ्यावरच माझं चाललं होतं.

"पण यात जवळजवळ सगळी माणसं एरंडोलचीच दिसतात," सूनबाई म्हणाल्या, "आणि सगळी सकाळी सातला येतात. असं कसं?"

"भवानी शे ती!" आबा म्हणाले.

देवापुढे अगरबत्ती लावून झाली की आबा आधी स्वतः वेबसाइट उघडत आणि मग फोन करकरून भाऊबंदांना, दर महिन्याला आणखी चार जणांना, उघडायला लावत. दुकानाची सकाळ रिकामी जाऊ नये म्हणून. माझा वर्षभराचा चढता आलेख म्हणजे आबांची भावकी होती! माझ्या विकतच्या सेवेतही हे दिसतच होतं. मीच कधी बघितलं नव्हतं. रेघ वर जातेय, एवढं मला पुरे होतं. कान तापले.

सूनबाईंनी गावची माणसं वगळली. उरले दोघे. एक सुरतचा आणि एक जळगावचा, रोज दुपारी येणारा.

"हाऊ जळगावना कोन शे?" आबांनी विचारलं.

"मीच," मी म्हणालो.

सूनबाई हसू दाबत आत गेल्या. आता झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "आबा, फुकटचंच ठेवा. माझ्यापेक्षा खरं सांगतं." बोलताना मान वर होईना. पहिलं गिऱ्हाईक होतं ते.

आबांनी माझ्या अहवालाची घडी घालून ती खिशात ठेवली.

"ते फुकटनं बठ्ठं खरं सांगस, भाऊ, पन लाजस नही." माझ्या लाल झालेल्या कानांकडे बोट दाखवत ते म्हणाले, "तू लाजना. पुढला महिनाले ये. तो सुरतवाला खापर न लेता का निंघी जास, ते शोधी आन."

आता मी ती वेबसाइट दुपारी उघडत नाही. सकाळी सातला उघडतो, भावकीबरोबर.