बर्फावरचा ब्रेक

अपघातानंतर मी चाकाच्या खुर्चीत आलो. पुढं ऐंशी सालाच्या सुमारास मनालीला बर्फावर बसून करायचं स्कीइंग शिकायची संधी मिळाली. चिंचवडच्या आमच्या कंपनीतल्या वेल्डरांनी तसल्या खुर्चीचं चित्र पाहून घसरखुर्ची जोडली: खाली पोलादी पट्ट्या, बाजूला स्कूटरचा ब्रेक. ‘राव, ब्रेकशिवाय गाडी गेटबाहेर सोडत नाही आपण,’ ते म्हणाले. बर्फ कुणीच पाहिलेला नव्हता.

उतारावर मी ब्रेक दाबतच राहिलो. चाकच नाही, तर तो धरणार काय? शिकवणारा म्हणत होता, वजन एका बाजूला टाक. कुठल्या, ते कळेना. शेवटी आडवा झालो तेव्हा थांबलो.

संध्याकाळी तो पाना घेऊन ब्रेक काढायला आला. त्याचं पटत होतं, तरी ‘आमच्या वेल्डरांनी जोडलाय तो, हात लावायचा नाही,’ असा मी डाफरलो की तो निघूनच गेला.

दुसऱ्या दिवशीही मी ब्रेक दाबतच पडलो.