अक्कांनी काढलेली खोट

अक्का गाडीच्या बॉनेटला हात लावायच्या आधी मालकाचा पाणउतारा करायच्या. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा पेटला म्हणून कुणी घाबराघुबरा होऊन काळेवाडीच्या त्या गॅरेजमध्ये आला, की अक्का कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "गावाकडून काय आणलं?" गिऱ्हाईक गोंधळायचं. मग पुढच्या शीटखाली ज्वारीचं बाचकं नाहीतर तेलाचा डबा कोंबून आणल्याचं कबूल करायचं. "आता गं माय! शीटखाली एअरबॅगची पिवळी वायर हाय, ती कामून हाय? कोठार हाय का तिथं?" दिवाळीनंतरचा पंधरवडा तर अक्कांचा सुगीचाच. अर्धं पिंपरी-चिंचवड गावाहून परतायचं आणि शीटखालचे सॉकेट ढिले करून आणायचं.

अक्का लातूरकडच्या. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन इकडे आल्या आणि चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लाइनवर उभ्या राहिल्या. कंत्राट संपलं तेव्हा कंपनीने त्यांना काढलं. पण हातातलं कसब काही काढून घेता आलं नाही; त्याच्याच जोरावर त्या काळेवाडीच्या गॅरेजमध्ये कामाला लागल्या. माझं सीटकव्हरचं दुकान त्या गॅरेजला लागूनच, त्यामुळे त्यांची सगळी बोलणी मला फुकटात मिळत. "तू शीटला कव्हर न्हाई, गोधडी शिवतूस. शीटच्या बाजूची एअरबॅग फुटून भाईर यायची कुठून?" असं गिऱ्हाइकासमोर म्हणायच्या. मला राग यायचा, पण त्यानंतर त्या बाजूला मी कच्चा दोरा वापरू लागलो.

त्यांचा एक नेम कुणासाठीही मोडायचा नाही. बॅटरीची वायर काढली की गाडीपासून लांब डब्यावर बसायचं आणि चहा प्यायचा. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणायच्या, "बॅटरी काढली तरी बॅगच्या पेटीत जीव ऱ्हातो. तो जाऊ दे. न्हाईतर बॅग फुटून माझंच थोबाड फुटंल." चहा संपल्यावरच पिवळ्या वायरीला हात. मग सॉकेट साफ करायचे, उंदराने कुरतडलेली वायर बदलायची, हॉर्न आणि दिवा दोन्ही बिघडले असतील तर स्टिअरिंगमधली केबल बघायची. बॅगेला मात्र मीटर लावायचा नाही. तेवढ्याशा करंटनेही ती उडते, असं त्या दर वेळी बजावायच्या.

खोट काढायची ही सवय गॅरेजपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. अक्कांना सगळीकडेच खोट दिसायची, आणि तोंड आवरायचं नाही. लेकीला, सुनीताला, आलेल्या प्रत्येक स्थळात त्यांनी काही ना काही काढलं. तिने स्वतः पसंत केलेल्या जावयाची मान वाकडी होती. लेक-जावयाच्या चऱ्होलीतल्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला सगळे जेवत असताना अक्का गॅलरीतली भेग बोटाने चाचपत होत्या. भेग होती, हेही खरं. पण खरं बोलणाऱ्याला लोक किती दिवस जेवायला बोलावतात?

पुढे जावयाने एजंटाकडून जुनी गाडी घेतली. निघोजेच्या कंपनीत तो पर्मनंट झाला होता आणि घराण्यातली ती पहिली चारचाकी. सीटकव्हर माझी, म्हणून पूजेला मलाही बोलावणं होतं. चाकांखाली लिंबं ठेवली होती, गुरुजी नारळ घेऊन उभे होते, आणि सुनीता डाव्या बाजूला डॅशबोर्डवर गणपती चिकटवू लागली. अक्का धावल्या. "तिथं नको माय. खाली बॅग असते. फुटली तर देव तुझ्याच तोंडावर येईल." असं म्हणून त्यांनी तिथे हात ठेवला, आणि हात तिथेच थांबला. रंगाखाली डॅशबोर्डची चीर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेली त्यांच्या बोटांना कळली.

मग मुहूर्त गेला तो गेलाच. त्यांनी बॅटरीची वायर काढली आणि सोसायटीच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. गुरुजी घड्याळ बघत होते, जावयाचे कान लाल होत होते. थोड्या वेळाने अक्कांनी समोरचा कप्पा उतरवला आणि खालून डोकावल्या. बॅगेची जागा रिकामी. पिवळ्या सॉकेटमध्ये एक रेझिस्टर डकवलेला, म्हणजे यंत्राला वाटावं बॅग आहे आणि दिवा मुकाट विझावा. अपघातात फुटलेल्या बॅगेची ही स्वस्तातली उत्तरक्रिया. अक्कांनी त्याचा सोल्डरिंगचा टाका निरखला आणि त्यांचा चेहरा उतरला. इतका सुबक टाका आमच्या गल्लीत दोघांनाच यायचा: अक्कांना, आणि तो त्यांच्याकडून शिकलेल्या गॅरेजच्या मालकाला. शेठ म्हणत आम्ही त्याला.

"मी नवी बॅग बसवून देते," अक्का म्हणाल्या, "तोवर सुनीता पुढं बसायची न्हाई."

अक्कांवर विश्वास नाही म्हणून जावयाने सगळ्यांसमोर त्यांच्या मालकाला, शेठलाच फोन लावला. शेठ हसला. "अहो, साधं मॉडेल आहे राव. डाव्या बाजूला बॅग येतच नाही याला. कंपनीच तसं बसवून देते. अक्कांचं आता वय झालं." फोन ठेवून जावई म्हणाला, "आई, आमचं चांगलं झालेलं तुम्हाला बघवतच नाही." अक्कांनी लेकीकडे पाहिलं. सुनीता म्हणाली, "माझ्या चांगल्यात खोट काढल्याशिवाय तुला अन्न गोड लागतं का गं?" आणि तिने गणपती तिथेच चिकटवला.

दुसऱ्या दिवशी अक्का शेठसमोर उभ्या राहिल्या तेव्हा मी तिथेच होतो. शेठची मान खाली. "तुमच्या लेकीकडे जाणार हे माहीत असतं, तर नसती केली अक्का. आईशप्पथ."

"म्हंजे बाकीच्यांच्या लेकी रस्त्यावर पडल्यात?"

"धंदा आहे, अक्का."

"मग हेच तिला फोन करून सांग."

तेवढं मात्र त्याने केलं नाही. अक्कांनी मीटर उचलला आणि त्या गॅरेजची पायरी उतरल्या. मी चऱ्होलीला जाऊन सुनीताला ऐकलेलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईनेच पाठवलं असणार तुम्हाला." मला चहाही विचारला नाही. शेठचं गॅरेज आता दुप्पट झालंय, आणि मी त्याचाच भाडेकरू असल्यामुळे रोज त्याला रामराम घालतो.

अक्का घरीच मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. लेक येत नाही. कुणी लातूरहून आलं की लेक तिकडे गाडी घेऊन आली होती का, पुढे बसली होती का, एवढंच त्या विचारतात. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, एक ना एक दिवस तिला कळेलच, आई खरं बोलत होती."

त्या पेचकस खाली ठेवून माझ्यावर उसळल्या. "जिभेला हाड हाय का तुझ्या? तिला कळायचं म्हंजे आधी काय व्हावं लागंल, म्हाईत हाय ना? मरस्तोवर मला खोटीच ऱ्हाऊ दे."