य, र, व म्हणणारी गयाआक्का

गयाआक्काला लातूरला जायचं असलं, तरी तिच्या तोंडून लातूर हे नाव कधी निघायचं नाही. निलंग्याच्या स्टँडवरून गाडी सुटली आणि कंडक्टरनं विचारलं, "कुठं आक्का?" तर म्हणाली, "जिल्ह्याला."

"कोणत्या जिल्ह्याला?"

"आपल्या."

"आपल्या म्हंजे?"

"आता मास्तर, तुमीच इचारून राहिलात तर आमी काय सांगावं? जिल्हा बदलला का रातून? फाडा की तिकीट!"

गाडीतली माणसं हसली. मी शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "लातूर द्या हो त्यांना." तशी ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "मोप उपकार झाले बाई. आमच्या मालकाचं नाव त्याच अक्षरावर येतंय."

ती आमची पहिली भेट. पुढं कळलं, आमच्याच गल्लीत दोन खोल्या घेऊन हे नवरा-बायको नव्यानं राहायला आलेत. शेत पुतण्याकडं सोपवलेलं, एकुलती एक मुलगी संगीता उदगीरला दिलेली. मालकाचं नाव लिंबाजी.

गयाआक्काच्या अंगाची हळद उतरायच्या आत सासूनं तंबी दिली होती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, आणि नावच काय, नाव ज्या अक्षरावर उभं आहे त्या अक्षरानंसुद्धा तोंड उघडायचं नाही. बाकीच्या सुना नावापुरतं पाळतात. गयाआक्कानं अक्षरासकट पाळलं. लसणाला ती पाकळ्या म्हणायची, लिंबाला आंबट, लिंबाच्या झाडाला कडू झाड. लेकीला पोरगी, लवकरला झटकन. आपण बोलताना हे अक्षर किती वेळा येतं, जरा मोजून बघा म्हणजे कळेल. पण ती कधी अडखळायची नाही. अंधारात घरातला उंबरा पाय आपोआप ओलांडतो ना, तशी तिची जीभ.

मी स्वतः शाळेत गेलेली नाही. भावाच्या पुस्तकांतून आणि किराणाच्या पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले. तरी शाळेतल्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, मोठ्या बायकांना अक्षरओळख करून द्यायची आहे, तुम्ही घ्या वर्ग." म्हणून दुपारची भांडी झाली की समाजमंदिरात सतरंजी टाकायची आणि सात-आठ जणींना घेऊन बसायचं, असा माझा नेम सुरू झाला. पहिल्याच दिवशी गयाआक्का पाटी घेऊन हजर. मला मास्तरीण म्हणू लागली, तेही असं की मान द्यायचाय का चिडवायचंय ते कळू नये.

अक्षर पाटीवर काढलं की तिला त्यात माणूस दिसायचा. 'ठ' काढला तर म्हणाली, "ही तर भाकर झाली. एवढंच एक अक्षर पोटाला आधार देतंय बगा." 'ळ' बघून म्हणाली, "ही माझी जाऊ. दोन काखंत दोन पोरं, अन् तरी म्हणती मी कुठं थकले." 'र'ची तिला काळजी वाटायची. "एका पायावर कामून उभं केलंय ह्याला? आत्ता पडंल की." स्वतःच्या नावातला 'ग' गिरवताना मात्र ती बराच वेळ थांबली. "हे नवरा-बायको बाजाराला निघालेत," म्हणाली. "संगंच चालतेत, पण मधी जागा सोडून. आमी जिंदगीभर असंच चाललो, मास्तरीण. ते म्होरं, मी मागं."

'ङ' आणि 'ञ' आले तेव्हा बायका कुरकुरल्या. ह्यांचं काय काम, एकाही शब्दात येत नाहीत, सोडून द्या म्हणाल्या. तशी गयाआक्का भडकली. "घरात म्हातारं माणूस असतंय की. काम न्हाई करत, पण पंगतीत बसतंयच न्हवं? त्याला काय उठवून देता व्हय? राहू द्या बसलेलं."

ती हे कुणाला उद्देशून बोलली ते मला तेव्हा समजलं नाही.

'य र ल व' आलं. सगळ्या जणी एका सुरात म्हणत होत्या आणि गयाआक्का, "य, र..." मग जमिनीकडं बघून गप्प, मग ठसक्यात, "व!" बायका हसून लोटपोट झाल्या. शांताबाई म्हणाली, "आक्का, तुझ्या मालकाला आम्ही न्हाई नेत पळवून, म्हण की एकदा!" आक्का म्हणाली, "नेऊन तर बग. दोन दिसात माघारी आणून सोडशील. भाजीत मीठ कमी पडलं की कसं तोंड वाकडं करतेत ते म्हाईत न्हाई तुला."

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती मागं थांबली. म्हणाली, "ते अक्षर मला काढून दाखवा. ते आख्खं नावच दाखवा."

"आणि म्हणायचं कुणी?"

"म्हणायचं न्हाई. काढायचंय."

मग तिनं सांगितलं. लिंबाजीमामांची याद चालली होती. लातूरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढून काहीतरी मोठं नाव सांगितलं होतं, औषधानं बरं होणारं नव्हे, एवढंच तिला समजलं. घरातून निघाले की घर सापडत नव्हतं. तिनं "अहो" म्हटलं तर दुसऱ्याच कुणाला हाक मारली असं समजून ते पुढं जायचे. पण एक गोष्ट अजून शाबूत होती. चौथीपर्यंत शिकलेले होते, वाचनाचा नाद होता, आणि वाटेत दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचल्याशिवाय त्यांचा पाय पुढं पडत नव्हता.

"दारावर त्यांचं नाव काढते," ती म्हणाली. "वाचतील अन् थांबतील."

"आणि सासूबाईंची तंबी?"

"त्यांनी म्हणायचं न्हाई म्हणलं व्हतं. काढायचं न्हाई असं कुठं म्हणल्या? त्यांना तरी कुठं येत व्हतं काढायला?"

चार दिवस तिनं पाटीवर तेवढंच गिरवलं. मग खडूनं दारावर अक्षरं काढली, माझ्या डोक्याएवढी एकेक. लिंबाजीमामा गल्लीतून यायचे, दारापाशी थांबून खणखणीत आवाजात "लिंबाजी" असं वाचायचे, "आपलंच दिसतंय," म्हणायचे आणि आत जायचे. गयाआक्का चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसायची. पावसानं खडू पुसला की पुन्हा काढायची. त्या पावसाळ्यात ते एकदाही चुकले नाहीत.

दिवाळी झाली आणि एका बाजाराच्या दिवशी ते नजरेआड झाले. आक्का माझ्याकडं धावत आली. आम्ही दोघी बाजार पालथा घालून स्टँडवर पोचलो, तर मामा एका गाडीत खिडकीशी बसलेले. गाडी देगलूरकडची. कंडक्टरनं घंटी दिली होती, ड्रायव्हर गाडी मागं घेत होता.

"अहो! अहो!" आक्का ओरडली. स्टँडवरच्या अर्ध्या बाप्यांनी वळून बघितलं. ज्यानं बघायचं त्यानं नाही. मी ओरडले, "लिंबाजीमामा, उतरा खाली!" त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, अनोळखी बाईकडं बघावं तसं, आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचू लागले. गाडीचं तोंड रस्त्याकडं वळलं. देगलूरला उतरले असते तर पुढं तेलंगण काय अन् कर्नाटक काय, कुठं म्हणून शोधणार होतो त्यांना?

मी आक्काकडं बघितलं. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. चेहरा असा, जणू कुणी तिच्या हातात विळा देऊन स्वतःचंच पीक उभं कापायला सांगितलंय. मग तिनं डोळे मिटले.

"लिंबाऽऽ!"

लिंबाजी नव्हे, लिंबा. त्यांची आई मारायची तशी हाक. आई गेल्यापासून ह्या नावानं त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मामा ताडकन उठले. "आलो गं माय," म्हणाले, आणि शाळेतून सुटलेल्या पोरासारखे गाडीतून उतरून आले.

पुढचे काही दिवस आक्का वर्गाला आलीच नाही. मी बघायला गेले, तर मामा दुपारचे झोपलेले आणि ही त्यांच्या नाकापुढं बोट धरून बसलेली.

"श्वास हाय," मला म्हणाली. "सकाळपासून बगून राहिले. मी घेतलं न्हवं का नाव? आता ह्यांचं काय व्हतंय कुणाला ठाऊक."

"काही होत नाही," मी म्हटलं. पण माझ्या म्हणण्यानं काय होणार? साठ वर्षांची धास्ती अशी एका वाक्यानं जाते होय?

ती धास्ती गेली ती आक्काच्या स्वतःच्या विचारानं. एक दिवस वर्ग भरलेला असताना ती आली, पाटी मांडीवर घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी इचार केला. त्यांनी मला माय म्हणलं. मायनं हाक मारली तर आयुष्य कुठं कमी व्हतंय? नाव आत्या ठेवती, पण हाक कोण मारती? मायच की." आणि मग, "य, र, ल, व. झालं? लसूण, लातूर, लई, लवकर. झालं समाधान, शांते?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. शांताबाईनं तिला मिठी मारली. आक्काही हसत होती. सगळ्या गेल्यावर माझ्याबरोबर सतरंजी गुंडाळताना मात्र हळूच म्हणाली, "बरं म्हणावं का वाईट, कळून न्हाई राहिलं मला. रोज हाक मारते, रोज येतेत. पण घरात एक माय वाढली मास्तरीण, अन् बायको कमी झाली."

मी सतरंजीचं माझ्याकडचं टोक धरून उभी राहिले.

गेल्या उन्हाळ्यात गयाआक्का गेली. तापाचं निमित्त झालं, अंथरुणाशी बसून सेवा करायची वेळ तिनं कुणावर आणली नाही. आदल्या आठवड्यात संगीता आलेली होती. आक्कानं तिला जवळ बसवून सांगितलेलं मी ऐकलंय. "मी गेले की ह्यांना हाक तू मारायची. दादा म्हणू नको, कळत न्हाई त्यांना. माझ्यावाणी मार."

"बापाला नावानं?" संगीता म्हणाली. "माय, माझ्यानं न्हाई व्हायचं ते. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतेत अन् जेवून घरी जातेत. तुला त्यांच्या संगं ऱ्हायचंय. लाजू नको."

तेराव्याला मांडवात पाहुणे बसले होते. मामा एका कडेला कडुलिंबाच्या सावलीत खुर्चीवर बसून होते. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. जावई बोलावून आला, पुतण्या हात धरून आला, मी जाऊन आले. ते जागचे हलले नाहीत.

संगीता दारात आली. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला. पंगतीत सासरची माणसं बसलेली, चुलत सासरे समोरच. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"लिंबा," ती म्हणाली. पहिल्यांदा ते पदराआडच राहिलं. मग मान वर करून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, "लिंबा, जेवायला ये!"

एक म्हातारी पुटपुटली, "आगं बया, बापाचं नाव?"

मामा उठले. "आलो माय," म्हणाले, हात धुतले आणि येऊन पाटावर बसले. संगीता वाढत होती, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण हात थांबत नव्हता. मामांनी वरण-भात कालवला, पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "मीठ कमी हाय गं."

संगीता मीठ आणायला आत धावली.