न बदलणाऱ्याचा शोध, दर शुक्रवारी

लूमच्या खोलीत कापसाची बारीक लव कशी साठते, ते तुम्ही पाहिलंय का? कोणी मुद्दाम टाकत नाही. सकाळी झाडू मारला तरी संध्याकाळी पंख्यावर, कोनाड्यात, कानात पुन्हा आहेच. आमच्या शुक्रवारच्या मंडळाचं तसंच झालं. जमायचो ब्रह्म शोधायला, साठत गेले किस्से.

मंडळ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. एक जनार्दन गुरुजी. आमच्या राहनाळ गावच्या शाळेत त्यांनी मला पाढे शिकवले, आणि रिटायर झाल्यावर त्यांनी उपनिषदं काढली. दुसरे अशफाकभाई, त्यांच्या भिवंडीतल्या लूमच्या खोलीत आम्ही बसायचो. तिसरा प्रकाश, गोदामांचा एजंट. गुरुजींच्या मालतीकाकू थर्मास भरून चहा आणायच्या आणि "तुमचं चालू द्या" म्हणून दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. आणि मी, बाळाराम. शुक्रवारी लूम बंद, म्हणून शुक्रवार.

मी का जायचो, तर मला कुठेच धड बसवत नाही म्हणून. आमच्या भातशेतीवर आता गोदामं आहेत. जिथे आम्ही चिंबोऱ्या पकडायचो तिथे कंटेनर रिव्हर्स घेतात. ओळखीचं म्हणून काही शिल्लक नाही. जेवताना माझा पाय हलतो, झोपेत हलतो. बायको म्हणते, याला मोटर लावलीय कोणीतरी. गुरुजी म्हणाले, "बाळाराम, सगळं बदलतं, पण ते बदलणं जो बघतो तो बदलत नाही. त्याला धर, शांत होशील."

मी म्हटलं, "दाखवा."

* * *

पहिल्याच शुक्रवारी गुरुजींनी सगळ्यांना डोळे मिटून बसवलं. गल्लीभर लूम बंद. ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येईल इतकी शांतता. थोड्याच वेळात अशफाकभाई उठून उभे राहिले. बसले. परत उठले.

गुरुजींनी एक डोळा उघडला. "काय झालं?"

"गुरुजी, ये नहीं होगा. ही खामोशी कानात घुसते. लूम बंद पडला की आमची तर झोप उडते. वाटतं काहीतरी गडबड झाली."

खरंच होतं ते. या माणसाचा जन्म लूमच्या खोलीमागे झालेला. लग्न, आजारपण, पोरांचे अभ्यास, सगळं त्याच खटखटाटात. शांतता म्हणजे त्यांच्यासाठी बिघाड. शेवटी गुरुजींनी बराच विचार करून परवानगी दिली, की एक लूम चालू ठेवा.

शुक्रवारी लूमचा आवाज! शेजारपाजारचे चौकशीला आले. प्रकाशने दारातच सांगितलं, "माल नाही काढत. ध्यान चाललंय." ते परत गेले, पण पुढे बरेच दिवस आमच्याकडे जरा जपूनच बघायचे.

त्या खटखटाटात मात्र सगळे मस्त बसले. माझा पायसुद्धा तालात हलायला लागला, म्हणजे माझ्या मानाने प्रगतीच. मग मध्येच धोट्यातला धागा संपला आणि लूम थांबला. मी डोळे उघडून बघतो तर अशफाकभाई उठले, मिटल्या डोळ्यांनी लूमकडे गेले, धोट्यात सुताची नवी कांडी घातली, लूम चालू केला आणि परत येऊन मांडी घातली. पापणी हलली नाही.

ध्यान संपल्यावर गुरुजी भारावले होते. "अशफाकभाई, मघाशी उठून लूमकडे कोण गेलं होतं?"

अशफाकभाईंनी आमच्या एकेकाकडे संशयाने पाहिलं. "कोण गेला? मी तर इथेच बसला होता."

त्या एका वाक्यावर गुरुजी पुढचे कितीतरी शुक्रवार बोलले.

* * *

प्रकाशचं डोकं कायम गोदामात. एकदा गुरुजी समजावत होते, की मी म्हणजे हे शरीर नाही, मन नाही, बुद्धी नाही, एकेक बाजूला काढत जा. काढता काढता जे काढताच येत नाही, ते तू.

प्रकाश मन लावून ऐकत होता. "म्हणजे गुरुजी, सगळा माल बाहेर काढला, रॅक काढले, पार्टिशन काढलं, तरी आतली जागा राहतेच. तसं ना?"

गुरुजी खूश. एवढ्या वर्षांत प्रकाशला पहिल्यांदा काहीतरी कळलं होतं.

"मग ही जागा कार्पेट धरायची की बिल्टअप?"

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अरे, तू ब्रह्मसुद्धा भाड्याने देशील."

"देईन की. मालक कोण, तेवढं सांगा."

मला त्या दिवशी हसता हसता ठसका लागला. पण घरी जाताना बाइकवर तेच डोक्यात. मालक कोण? सिग्नल सुटला तरी मी तिथेच, मागून हॉर्नवर हॉर्न.

* * *

एकदा आम्ही सगळे वज्रेश्वरीला गेलो. देवीचं दर्शन झालं आणि गरम कुंडांवर आलो. मालतीकाकूंचं माहेर तिथून जवळच. परकरी वयापासून त्या याच कुंडात उतरलेल्या, त्यामुळे रस्ताभर पाणी कसं चटका देतं आणि आधी पाय कसा सोडायचा याचा क्लासच चालला होता.

कुंडाशी गुरुजींना स्फुरण आलं. "बघा, पाणी क्षणोक्षणी नवं येतं. ऊब मात्र तीच."

मी पाय बुडवला आणि बाहेर काढला. बुडवला, काढला. "गुरुजी, मला न बदलणारं काही सापडत नाही. बघायला गेलो की ते पुढे सरकतं."

काकू म्हणाल्या, "नकोच सापडायला, बाळू. सापडलं तर हे शुक्रवारी घरी बसतील."

सगळे हसले, गुरुजीसुद्धा. मग काकूंनी पदर खोचला, पायरीवर बसल्या, पाण्याकडे बघितलं आणि गुरुजींना सहज विचारलं, "छान जागा हाय हो. आपन हिथं पहिल्यांदाच आलो ना?"

आम्ही पुन्हा हसलो. वाटलं, काकू आज फॉर्मात आहेत. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी काकूंच्या खांद्यावरचा टॉवेल उगाचच सारखा केला आणि म्हणाले, "हो. पहिल्यांदाच."

* * *

त्यानंतर गुरुजींनी शिकवणं सोडलं आणि विचारणं सुरू केलं. आमच्यापेक्षा तेच अस्वस्थ. डॉक्टरांनी काकूंच्या आजाराचं नाव सांगितलं होतं, पुढे काय काय होईल तेही सांगितलं होतं. गुरुजींना जे हवं होतं ते डॉक्टरांकडे नव्हतं. ते आम्हालाच विचारायचे, "सगळी आठवण गेली, तर आत जो आहे तो राहतो ना रे?" विद्यार्थ्याने मास्तरांकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघायचे. माझा पाय आणखी जोरात हलायचा.

तेव्हाच गावात एक महाराज प्रवचनाला आले. मोठा मांडव, स्क्रीन, कूलर. गुरुजी आम्हाला घेऊन पहिल्या रांगेत बसले. शेवटी प्रश्न विचारायला माइक फिरला, तो त्यांनी जवळजवळ ओढूनच घेतला.

"महाराज, माझी बायको विसरते. विसरतं ते कोण?"

महाराज प्रसन्न हसले. "विसरतं ते मन. आत साक्षी आहे, तो सगळं बघतो. त्याला काही होत नाही."

"तो सगळं बघतो?"

"सगळं."

"मग गॅस चालू राहिलेला त्याला दिसत नाही का?"

महाराज काहीतरी बोलले, पण तोवर गुरुजी माइक माझ्या मांडीवर ठेवून चालायला लागले होते. बाहेर येऊन चपला शोधताना त्यांना स्वतःच्या चपला सापडेनात. सापडल्या, तर पायात जाईनात. आयुष्यभर ज्यावर पाय रोवून उभे होते तेच निसटलं होतं, आणि मला त्यांची इतकी दया आली की मी खाली बसून त्यांच्या पायात चपला घातल्या. शाळेत त्यांच्या पाया पडताना तोंड लपवून हसणारा मी.

* * *

डॉक्टरांचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. दर थोड्या दिवसांनी तिथे काकूंची परीक्षा व्हायची. गाडी माझी, म्हणून मीही आत. डॉक्टरीणबाई तरुण, मुंबईहून यायच्या.

"काकू, आज वार कोणता?"

काकूंनी खिडकीकडे कान केला. "लूम बंद हायत. शुक्रवार."

डॉक्टरीणबाईंनी बरोबरची खूण केली. मग विचारलं, "तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

काकू गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. नुसत्या पदराशी चाळा करत बसल्या. बाई पेन उचलून चुकीची खूण करणार, तोच गुरुजी उठून उभे राहिले.

"थांबा, हा प्रश्न धरू नका. तिने माझं नाव उभ्या जन्मात घेतलेलं नाही."

"कधीच?"

"लग्नात उखाण्यात घेतलं असेल. त्यानंतर 'अहो'."

बाईंना प्रश्न पडला. "मग त्यांना नाव आठवत नाही, की त्या घेत नाहीत, हे मला कसं कळणार?"

गुरुजी खाली बसले. "तेच तर," म्हणाले. "मला तरी कुठे कळतंय?"

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. त्या प्रश्नापुढे काहीच खूण केली नाही.

* * *

आता परवाच्या शुक्रवारचं सांगतो. हा किस्सा मी मंडळात कोणालाही सांगितलेला नाही.

हल्ली चहा गुरुजी करून आणतात. काकूंना हाताला धरून आणतात, दाराशी नाही, स्वतःसमोर बसवतात. उपनिषदं बंद. काकू आताशा पूर्ण माहेरच्या बोलीत बोलतात, आणि बोलतात तेही थोडं. गुरुजी जरा वेळाने पुढे वाकून विचारतात, "मला ओळखलंस ना?" काकू हसतात. "हो तर." गुरुजी आमच्याकडे बघतात, पास झालेल्या पोरासारखे. आणि चहाचा घोट घेऊन होतो न होतो तोच पुन्हा, "ओळखलंस ना?"

"हो तर."

त्या दिवशी असं इतक्या वेळा झालं की अशफाकभाई उठून उगाच लूम पुसायला लागले. प्रकाश मोबाइलमध्ये. माझा पाय तर थांबायचं नाव घेईना. गुरुजी थर्मास धुवायला मागे मोरीवर गेले, तेव्हा मी काकूंच्या शेजारी जाऊन बसलो.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग मोरीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "दादा, त्ये गेले का?"

"मागे आहेत. का?"

"लय चांगला मानूस हाय. सारखा इचारतो, वलखलं का, वलखलं का." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मला न्हाय आठवत त्ये कोन. पन तुमी सांगू नका हां त्यांना. मी हो म्हंते. न्हाय म्हटलं का त्यांचं तोंड एवढंसं होतं. मला बघवत न्हाय."

मी मान डोलावली.

तेवढ्यात गुरुजी हात पुसत आले. आम्हाला बोलताना त्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांत एवढी आशा की मला खाली बघावं लागलं.

"काय रे, काय म्हणत होती?"

तोंडाला आलं ते बोललो. "चहात आलं जास्त झालं, म्हणत होत्या."

गुरुजींनी कपात उरलेला घोट तोंडात घेतला. घोळवला. गिळला. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की इतक्या वर्षांच्या ध्यानात मी तो कधी तसा पाहिला नव्हता.

"खरंच की रे, जास्तच पडलंय. बघ बाळाराम, तिला सगळं कळतंय!"

"हो तर," काकू म्हणाल्या.