होणारा बैल

निजामाच्या राजवटीत आमच्या बेंबळीत राबणाऱ्या बैलापेक्षा होणाऱ्या बैलाला मान जास्त. त्यात चुलत्यांच्या दावणीचं पांढरं खोंड सगळ्यांत पुढं. वडील वारल्यावर वाटणीत ते माझ्याकडं यायचं होतं. माझ्याजवळ गाडी होती आणि बैल एकच. त्याला जोड मिळाली, तर येडशी स्टेशनावर पोती वाहून मी स्वतःच्या पायावर उभा राहणार होतो. चुलते म्हणाले, "तुझ्या हाती दिलं तर मातीत जाईल. ह्याच्यात लई मोठा बैल दडलाय."

दडलेला बैल बाहेर यावा म्हणून सरकी, पेंड, शिंगांना तेल. जू मात्र नाही; मान सोलवटेल. येणारेजाणारे त्याच्या वशिंडावर हात ठेवून माना डोलवत. न ओढलेल्या ओझ्याचं इतकं कौतुक मी पुढं फक्त मोठ्या घरच्या पोरांच्या बाबतीत होताना पाहिलं.

मी भांडलो, शिव्या दिल्या आणि बाजारातून कुणी न घेतलेलं खोंड आणलं. त्याच्या पाठीवर केसांचा वाईट भोवरा होता. असा भोवरा धन्याला खातो, ही आमच्याकडची समजूत.

चुलते ओट्यावरून म्हणाले, "आता तुला खातंय बघ हे."

"खाऊ द्या, तात्या. त्याला तरी पोटाला लागंल."

दुसऱ्याच दिवशी जुंपलं. त्यानं मला बांधावर आपटलं, जू मोडलं, दिवसचे दिवस गाडी उलटी ओढली. त्याच्यात बैलबिल काही दडलेला नव्हता. ओढता ओढता तो बैल झाला. सुगीत आमची गाडी येडशीला लागली.

चुलत्यांनी अखेर मुहूर्त काढला. हळदकुंकू लावून जू ठेवलं, तर पांढरा खाली बसला. शेपूट पिरगाळली तरी उठेना. चुलते म्हणाले, नजर लागली.

पुढच्या बाजारात ते माझ्याजवळ आले. "घरचीच जनावरं. अदलाबदल करू. तुझ्या बैलातला गुण म्या तवाच वळखला होता."

"आणि भोवरा?"

"केसच हायेत की ते. वर काय देतो ते बघ तरी."

बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात. चुलत्यांनी माझा हात उपरण्याखाली ओढला आणि बोटं शोधू लागले. मी मूठ आवळूनच ठेवली.