लुसेराला यंदाही वासरू नाही

माझी लिओकाडिया मावशी वळू विकत घ्यायला गेली की वळूकडे बघायचीच नाही. आधी त्याची आई दाखवा, म्हणायची. कास कशी आहे, वासराला चाटते का, जवळ गेलं तर शिंगं रोखते की पळून जाते, हे बघून मग सौदा. एकदा भर बाजारात म्हणाली, "वळूचं वजन खाटकाच्या कामाचं. मला त्याच्या आईचा स्वभाव हवाय." विकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

स्पेनमधल्या ग्रेदोसच्या डोंगरात चरणाऱ्या आमच्या काळ्या गायी मांसाच्या. आम्ही दूध काढत नाही, सगळं वासराला. म्हणजे वासरू किती भरणार ते आईवरच. त्यामुळे मावशीचा कायदा कडक. व्यायल्यावर वासराला लाथ मारली की गाय गेली. एक साल वासराविना रिकामी राहिली तर माफ, लागोपाठ दुसरं साल रिकामी, तर कत्तलखान्यात गुरं नेणाऱ्या व्यापारी एलादियोचा ट्रक. मग ती कितीही लाडकी असो. लहानपणी मी रडून पाहिलं, उपाशी राहून पाहिलं, बाई ढिम्म. तीच बाई, जिनं माझी आई गेल्यावर लग्नबिग्न बाजूला ठेवून मला वाढवलं.

गेल्या उन्हाळ्यात पाळी लुसेरावर आली. ती दोन सालं रिकामी होती. मी म्हटलं, राहू दे गं, म्हातारी आहे, कळपाला वाट दाखवते. मावशी म्हणाली, वाट मला माहीत आहे.

ट्रक आला तेव्हा सगळ्या गायी पाण्यावर उतरल्या होत्या, लुसेरा तेवढी नव्हती. आम्ही तिघं वर चढलो. एलादियो पोट सावरत, शिव्या हासडत मागून येत होता. वर झुडपांत लुसेरा उभी होती आणि तिच्या मागं सात-आठ वासरं निजलेली. एकही तिचं नाही. आया खाली पाण्यावर, आणि ही तहानलेली राखणीला. शेजारच्या चिखलात लांडग्याची ताजी पावलं होती. जवळ येऊन, लांबून वळसा घालून तो निघून गेला होता.

एखादी गाय मागं थांबते हे आम्हाला ठाऊक होतं. पण त्या पाळीपाळीनं थांबतात, असंच आम्ही आजवर धरून चाललो होतो. ही रिकामी होती त्या दोन वर्षांत शेजाऱ्यांची वासरं लांडग्यानं नेली, आमचं एकही नाही, आणि ते आम्ही नशिबावर टाकलं.

एलादियोनं तिला हाकायला काठी उगारली. लुसेरानं शिंगं खाली केली.

"काठी ठेव," मावशी म्हणाली आणि दगडावर बसली.

आया परत आल्या तेव्हाच लुसेरा हलली. आपणहून खाली उतरली, ट्रकाशेजारून गेली आणि पाणी पीत राहिली. एलादियोनं विचारलं, चढवायची ना, बाई? मला राहवेना.

"तुझ्या कायद्यानं तर तुलाही केव्हाच ट्रकात घालायला हवं होतं, मावशी."

एलादियो बुटाकडे बघायला लागला. आता ही मला झोडपणार, असं मला वाटलं. तिनं एलादियोला रिकामाच परत जायला सांगितलं. ट्रक वळणाआड गेला तरी ती तिकडेच बघत होती.

"तू मला कधी आई का म्हटलं नाहीस?"

"तूच म्हणू दिलं नाहीस. म्हटलं की चापट बसायची."

"ते नाव माझ्या बहिणीचं होतं," ती म्हणाली. "तिचं म्हणून दुसरं काय उरलं होतं?" मग माझ्याकडे वळून, "आता म्हटलंस तर चालेल."

मी चाळिशी ओलांडलेली बाई. आई म्हणायला तोंड उघडलं, आणि 'मावशी'च निघालं.