नवमीला धुतलेले कॉम्प्युटर

शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती. आत जाणारी पोरं आधी उंबरठ्याला हात लावायची, मग तो हात कपाळाला. पहिल्या दिवशी हे पाहून मला वाटलं, आत कुठे तरी देवाचा फोटो असेल. फोटो नव्हता. भिंतीला लागून कॉम्प्युटर मांडले होते आणि प्रत्येकावर फुलाफुलांच्या कापडाची खोळ होती. मुख्याध्यापकांनी त्या खोळी मुद्दाम शिंप्याकडून शिवून घेतल्या होत्या. दारावर पाटी होती: हात लावू नये.

गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा लहान झाला, त्यानंतरची ही वर्षं. सरकारने खेड्यातल्या शाळांना कॉम्प्युटर दिले, शिकवण्याचं कंत्राट एका कंपनीला दिलं आणि त्या कंपनीने मला नेमलं. मी वरठीची. वडील कारखान्यात कामगार, आई पावसाळ्यात दुसऱ्यांच्या धानात रोवणीला जायची. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, कारण ते मला कोणी फुकटात दिलेलं नाही. कॉलेजात मी पहिल्यांदा माउस धरला तेव्हा तो टेबलावरून उचलून हवेत फिरवला होता. शेजारची नागपूरची मुलगी इतकी हसली की सरांनी तिला बाहेर काढलं. ते हसणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. शहापूरच्या पुढे, हायवे सोडून आत असलेल्या त्या गावातल्या पोरांवर उद्या कोणी असं हसू नये, यासाठी मी रोज त्या बसला लोंबकळत जात होते. बाकी मला त्या नोकरीकडून काही नको होतं.

माझ्या आधी जे सर होते ते फळ्यावर कॉम्प्युटर काढून द्यायचे. पोरं तो वहीत उतरवायची, रंग भरायची, बाण काढून भागांची नावं लिहायची. काहींनी तर पडद्यात हिरवा डोंगर आणि सूर्यही काढला होता. मी पहिली खोळ काढली तेव्हा पोरं मागे सरकली.

"मॅडम, बिघडला तं?" एकाने विचारलं.

"बिघडला तर दुरुस्त करू."

"मोठे सर मारतीन जी."

"मला विचारल्याशिवाय कोणी मारणार नाही. चला, पुढे या."

कोणी येईना. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. नववीतली, सावळी, वेणीला लाल रिबीन. तिचे वडील हंगामात दुसऱ्याच्या मळणीयंत्रावर कामाला जायचे. तापलेल्या तव्याला बोट लावून पाहतात तसं तिने एका कळेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. पडद्यावर अक्षर उमटलं. तिने पुन्हा बोट लावलं, या वेळी उचललंच नाही. तेच अक्षर ओळीच्या ओळी भरत निघालं.

"अवं सोड ना, भरून जाईन तो!" मागून एक पोरगा ओरडला, आणि सगळी पोरं हसली. तीही हसली.

तिथून सुरू झालं. दुपारी विजेची लाइन जायची, तासन् तास यायची नाही. मग मी काय शिकवणार? एक दिवस मी कॉम्प्युटरच्या डब्याचे स्क्रू काढले आणि झाकण उघडून आतलं सगळं दाखवलं. पोरं डोकी घालून बघायला लागली.

"याच्यात तं धूळच धूळ हाये जी मॅडम," ती म्हणाली. "बाबाच्या मळणीच्या मशीनपेक्षा जास्त."

तिला स्क्रू काढायचं वेडच लागलं. कोणता स्क्रू कुठला, हे तिला न सांगता कळायचं. दात घासायचा जुना ब्रश घेऊन ती कोरडी धूळ झाडायची. दसऱ्याआधीच्या त्या महिन्यांत खोळी कपाटात गेल्या. लाइन असली की पोरं जागेसाठी भांडायची. "सरक ना बे, किती वेळ बसशीन!" "मॅडम, याले उठवा ना, हा चित्रंच काढून राहिला सकाळपासून!" मी ओरडायचे, पण आतून मला बरं वाटायचं. भीती गेली होती. आता फक्त शिकायचं राहिलं होतं.

मग दसरा आला.

दसऱ्याला आमचं घर नागपूरला जातं. दीक्षाभूमीवर. छप्पन साली बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला आजोबा गेले होते तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही, आणि आई पुऱ्या बांधून सगळ्यांना पहाटे उठवते. मी नवमीपासूनची सुट्टी मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, "जा, जा. तुमचं मोठं राहते ना तिकडं. आम्ही इथं करतो सरस्वतीची पूजा. या वर्षी कॉम्प्युटरचीही करू. सरपंच येऊन राहिले."

"करा ना सर," मी म्हटलं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. ज्याचं जे आहे ते त्याने करावं.

सुट्टी संपून मी शाळेत आले तर खोलीला कुलूप. खिडकीतून वास येत होता, जळालेल्या प्लास्टिकचा. नववीचा वर्ग माझ्याकडे बघेना. लाल रिबिनीची मुलगी डोकं बाकावर टेकवून बसली होती. मी तिला बाहेर बोलावलं.

"काय झालं?"

ती रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आंघोळ घातली जी मॅडम."

"कोणाले?" माझी घरची बोली तोंडातून निघून गेली.

"सगळ्याइले."

नवमीच्या सकाळी मुख्याध्यापकांनी तिच्या हातात किल्ली दिली होती. खोली साफ करून ठेवा, पूजा आहे, एवढंच सांगितलं होतं. तिच्या घरी नवमीला विळे, कुऱ्हाड, फावडं, वडिलांची सायकल, सगळं विहिरीवर नेऊन धुतात. मग त्याला हळदकुंकू, मग फूल.

"बिना धुतल्याले हळद लावत नाहीत मॅडम. दोष लागते. मग याले कशी लावायची?"

म्हणून तिने आणि मैत्रिणींनी झाकणं उघडली. बादलीत साबण कालवला. कळांचे पाट, म्हणजे कीबोर्ड, पाण्यात बुडवले. आतल्या पट्ट्या ब्रशने घासल्या, हळू हळू, तुटू नये म्हणून. मग सगळं ओट्यावर उन्हात मांडलं आणि कावळ्यांना हाकलत बसल्या.

"वाळले होते जी. हात लावून पाहिलं म्या. सुके होते वरतून."

दुपारी सरपंच आले. आरतीच्या वेळी सगळे पडदे उजळलेले हवेत असं मुख्याध्यापकांच्या मनात आलं आणि त्यांनी सगळी बटणं एकदम दाबली. एकातून ठिणगी उडाली. दुसऱ्यातून धूर निघाला. पाहुण्यांसमोर मुख्याध्यापकांनी तिचा कान धरला आणि नारळ फुटेपर्यंत सोडला नाही.

मी ऑफिसात गेले.

"उघडायले कोणं शिकवलं पोट्टीले?" त्यांनी मला विचारलं.

"मी शिकवलं. शिकवायलाच ठेवलं ना मला? आणि चालू कोणी केले, तेही सांगा."

ते फाइल उघडून बसले.

मग कंपनीचा माणूस आला. त्याने एक एक डबा खोलून पाहिला. मी म्हटलं, बिघाड म्हणून लिहा. तो वाईट माणूस नव्हता. चेहरा पाडून म्हणाला, "बिघाड कसा लिहू मॅडम? आतमधून कुंकू निघून राहिलं. कंत्राटात पाणी बसत नाही." आणि त्याने खोलीच्या दाराला सील लावलं. नवे कॉम्प्युटर येणार नव्हते. ऑफिसातला एक तेवढा धुवायचा राहिला होता, तोच वाचला.

मी पुन्हा फळ्यावर कॉम्प्युटर काढायला लागले. दुसरं काय करणार? ऑफिसातला कॉम्प्युटर कधी कधी मागून आणायचे, पण पोरं लांब उभी राहायची. ज्यांनी जागेसाठी एकमेकांना ढकललं होतं तीच पोरं आता एकमेकांना पुढे ढकलायची. "तू जाय ना बे." "मी नाही, तू जाय." घराघरांत बोलणं झालं होतं. कोणाच्या आईने शपथ घातली होती, कोणाच्या आजीने दृष्ट काढली होती.

वर्षाअखेर ऑफिसातला तो एक कॉम्प्युटर वर्गात मांडून प्रात्यक्षिकाची परीक्षा झाली. दुसऱ्या शाळेतले एक सर परीक्षक म्हणून आले होते. त्या मुलीचा नंबर आला. ती आली, टेबलापासून हातभर दूर उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"बस बेटा," सर म्हणाले. "आपलं नाव टाइप कर."

"सर, तोंडी विचारा ना जी. सगळं पाठ हाये."

त्यांना बसची घाई होती. त्यांनी तोंडी विचारलं. तिने एकही उत्तर चुकवलं नाही, आतल्या पट्ट्यांची नावंसुद्धा सांगितली. ते खूश झाले. "फारच हुशार आहे ही," असं मला म्हणाले आणि पैकीच्या पैकी मार्क दिले.

ते गेल्यावर मी तिला थांबवलं. वर्गात आम्ही दोघीच होतो.

"आता कोणी नाही. एक कळ दाब. फक्त एक."

"आई म्हणते, ते आपल्या हाताचं काम नाही."

"माझ्या आईनेही रोवणीच केली. मी केलं ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तिला माझं खरं वाटावं म्हणून मी तिचा हात धरून पुढे घेतला. तिने तो इतक्या जोरात मागे ओढला की खुर्ची पडली.

"तुमची गोष्ट वेगळी हाये जी मॅडम," ती म्हणाली.

तिने खुर्ची उचलून नीट लावून ठेवली आणि बाहेर गेली.

उन्हाळ्यानंतर कंपनीने मला पुन्हा बोलावलं नाही. पुढे मी दुसरीकडे लागले, तिथे मुलांना भीती माहीतच नव्हती. माझ्या पदवीचा मला आजही अभिमान आहे. पण वेगळी गोष्ट व्हायला मी ती घेतली नव्हती.